न धुतलेला पाय

आमच्या घरात दवाखान्यात जायचं म्हणजे आधी न्हाणीघरात जायचं. ताप असो, खोकला असो, की नुसते रिपोर्ट दाखवायचे असोत. अंगावर धुतलेले कपडे, केसांना तेल, आणि पाय घोट्यापर्यंत दगडाने घासून लख्ख. हा नियम माझ्या सासूबाईंचा, म्हणजे अक्कांचा. विहारात वंदनेला जाताना आणि दवाखान्यात जाताना अक्का अगदी सारख्याच तयार होतात, पांढरी साडी नेसून. लग्न होऊन भडगावला आले तेव्हा मला याचं हसू यायचं. मी यांना हळूच विचारायचे, "डॉक्टर काय आपल्याला पसंत करणार आहेत का?"

पुढे याच नियमापायी माझं दुखणं दोन वर्षं कोणाला सापडलं नाही. माझा उजवा पाय कापायचं जवळजवळ ठरलं होतं. तो कापला गेला नाही. आज तो माझ्याजवळ आहे, थोडा वेडावाकडा, वर चार-पाच डाग, पण माझा आहे. ज्यांना असं काही झालं असेल आणि जे दवाखान्याच्या बाकड्यावर बसून वाट बघत असतील, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. मी डॉक्टर नाही. मी शाळेत पी.टी. शिकवते आणि मुलींचा खो-खोचा संघ बघते. मला शिट्टी वाजवता येते आणि ओरडता येतं. लिहिण्याची सवय नाही, तेव्हा गोड मानून घ्या.

काटा

खो-खो आम्ही अनवाणी खेळायचो. मी शिकले तीही अनवाणी आणि शिकवलं तेही अनवाणी. मातीला पाय घट्ट धरतो, खांबाला वळसा घेताना घसरत नाही. आमच्या मैदानाच्या कडेने बाभळी आहेत. मैदान कितीही झाडलं तरी वाऱ्याने काटे यायचेच. काटा भरला तर बाजूला बसायचं, नखाने उपसायचा, थुंकी लावायची आणि परत पळायचं. रडणाऱ्या मुलीला आमच्याकडे संघात जागा नव्हती, आणि मॅडमने तर रडायचा प्रश्नच नव्हता.

असाच एक काटा माझ्या तळव्यात मोडला. अर्धा निघाला, अर्धा आत राहिला असेल. अक्कांनी रुईचा चीक लावला, दोन दिवसांत ठणका थांबला. काटा निघाला असं आम्ही धरून चाललो आणि विसरून गेलो.

बऱ्याच महिन्यांनी त्या जागी एक गाठ आली. सुपारीएवढी, टणक. आता लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट अशी, की ती दुखत नव्हती. मी तिच्यावर उभी राहायचे, पळायचे, उड्या मारायचे. आपल्याकडे जे दुखत नाही ते दुखणंच नाही. गावातल्या डॉक्टरांना दाखवलं, ते म्हणाले कुरूप आहे. त्यांनी ते कापलं. ते परत आलं, आणि येताना शेजारी आणखी एकाला घेऊन आलं.

मग गाठी फुटायला लागल्या. एक तोंड फुटायचं, आठवडाभर पू वाहायचा, मग ते सुकायचं आणि बोटभर अंतरावर दुसरं उठायचं. एकाने बसायचं आणि दुसऱ्याला खो द्यायचा, असा माझ्याच पायात खेळ मांडला होता. पाचोऱ्याला एका सर्जनने चिरून साफ केलं, काढलेला तुकडा तपासायला पाठवला. त्यात नुसती सूज निघाली. गोळ्या दिल्या की महिनाभर बरं, गोळ्या संपल्या की पुन्हा तेच. पाऊल जाड होत चाललं होतं. चप्पल जाईना तेव्हा मी यांची चप्पल घालायला लागले.

त्या सगळ्या काळात माझा पाय धुण्याचं काम अक्कांनी आपल्याकडे घेतलं होतं. कडुनिंबाचा पाला घालून उकळलेलं पाणी, मऊ धडपं, आणि समोर पाट. पहिल्या दिवशी मी पाय मागे ओढून घेतला होता. सासूने सुनेच्या पायाला हात लावायचा, हे काही बरोबर दिसत नाही. मी म्हटलं, "अक्का, तुम्ही नका. मी धुते ना."

"तुले वाकता येस का तिथपर्यंत? तुले दिखस तरी का तयपाय? गप बस. पाय दे इकडे."

तळपाय मला खरंच दिसत नव्हता. मी पाय दिला. त्या दाबून दाबून पू काढायच्या, तोंडं कोरडी करायच्या, स्वच्छ पट्टी बांधायच्या. ज्या दिवशी दवाखान्यात जायचं त्या दिवशी तर जास्तच. डॉक्टरांनी पट्टी सोडली की ते म्हणायचे, "वा, जखम छान स्वच्छ ठेवली आहे." अक्कांचा चेहरा खुलायचा. घरी येईपर्यंत त्या ते चारदा सांगायच्या.

जळगावचा दिवस

पाय जड वाटायला लागला तेव्हा जळगावच्या हाडांच्या डॉक्टरांकडे गेलो. मोठे, वयस्कर डॉक्टर, बोलणं कमी. त्यांनी फोटो काढायला लावला आणि तो दिव्यासमोर धरला. मला शरीरशास्त्र थोडं येतं, पी.टी.च्या कोर्समध्ये असतं. पावलाची हाडं कशी दिसतात ते मला माहीत होतं. माझी हाडं तशी दिसत नव्हती. उंदरांनी कुरतडलेल्या भाकरीसारखी भोकं भोकं दिसत होती.

"हाडात गेलेलं आहे," डॉक्टर म्हणाले. "आणि पसरतं आहे. हे असंच वर सरकलं तर पुढे कठीण होईल. मला वाटतं पाऊल काढण्याची मनाची तयारी ठेवावी."

मी विचारलं, "कुठून?"

त्यांनी आपल्या हाताने आपल्याच पायावर खूण दाखवली, घोट्याच्या वर.

मला रडू आलं नाही. मला राग आला. कोणाचा ते कळेना. बाहेर येऊन मी यांना म्हटलं की गाडी काढा. हे रावेरहून केळीचा माल पिकअपने जळगावला आणतात, त्याच गाडीत आम्ही आलो होतो. मागे केळीचा पालापाचोळा, पुढे आम्ही तिघं, मधे अक्का. पाचोरा आलं. मग हे एकदम म्हणाले, "काढून टाकू. जीव राहिला पाहिजे. पाय काय, नकली बी मिळतो."

"तुमचा काढा मग," मी म्हटलं.

हे वाक्य मी बोलायला नको होतं, पण बोलले. भीती वाटली की मी भांडते, हा माझा स्वभाव आहे. त्यांनाही भीतीच वाटत होती, ते मला नंतर कळलं. घरी आल्यावर ते मागच्या अंगणात गाडी धुवायला लागले आणि धुतलेली गाडी पुन्हा धुतली. माझी मुलगी तेजू नववीत होती. तिने कोणाला काही न विचारता कुकर लावला आणि माझे शाळेच्या कवायतीचे बूट पलंगाखाली आत सरकवून ठेवले, मला दिसू नयेत म्हणून. ते मला दिसलं आणि तेव्हा मात्र मी रडले.

मला पायाचं एवढं का होतं, असं कोणी विचारेल. लोक पायाविनाही जगतात, चांगलं जगतात, हे मला माहीत आहे. पण मी जी काही आहे ती पायाने आहे. शेतमजुराची मुलगी मी, खो-खो खेळत तालुक्याच्या बाहेर गेले, शिकले, नोकरी लागली. माझ्याकडे गोड गळा नाही, रूप नाही, जमीन नाही. माझी इस्टेट म्हणजे हे दोन पाय. त्यातला एक जाणार होता.

जळगावच्या त्या डॉक्टरांनी निघताना आणखी एक गोष्ट सांगितली होती, ती रागात माझ्या कानावरून गेली. अक्कांनी ती धरून ठेवली. ते म्हणाले होते, "काढण्याआधी एकदा धुळ्याला दाखवून या. तिथे मोठ्या दवाखान्यात त्वचेच्या विभागात एक मॅडम आहेत. मला एक शंका येते आहे, पण ती माझ्याकडे सिद्ध होत नाहीये." त्यांचे उपकार मी विसरणार नाही. आपल्याला येत नाही ते दुसऱ्याकडे पाठवणारा डॉक्टर मिळणं हेही नशीबच.

दुसऱ्या दिवशी अक्का तयार होऊन ओट्यावर बसल्या होत्या. पांढरी साडी, हातात पिशवी. "चाल धुयाले," एवढंच म्हणाल्या. आमच्याकडे धुळ्याला असंच म्हणतात.

धुळे

हाडाच्या दुखण्याला त्वचेच्या डॉक्टर कशाला, असं मला वाटत होतं. मॅडम माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान. केस घट्ट बांधलेले, बोलणं भराभर. त्यांनी फोटो बघितला, पाय बघितला. अक्कांनी निघताना तो इतका स्वच्छ केला होता, की तोंडांवर खपल्यासुद्धा शिल्लक नव्हत्या.

"पायात कधी काही टोचलं होतं? काटा, काच?"

"खो-खोच्या मैदानावर काटे रोजच भरतात," मी म्हटलं. मग आठवून मोडलेल्या काट्याचं सांगितलं.

"जो पू येतो, त्यात कधी बारीक दाणे दिसले? रव्यासारखे, खसखशीसारखे?"

मी नाही म्हटलं. मी कधी पाहिलंच नव्हतं. तेवढ्यात मागून अक्का बोलल्या.

"निंघतस ना. बारीक दाना. पिवया, रवासारखा. रोजच निंघतस. मी धुई टाकस."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "आजी, किती दिवसांपासून निघतात?"

"पहिलपासूनच. दवाखानामा जावानं व्हतं ना, तवय तर मी बठ्ठा दाबी दाबी काढस. डॉक्टरले घाण नको दिखाले."

 मॅडमनी मग आम्हाला समजेल असं सांगितलं. काट्याबरोबर मातीतले जंतू आत जातात, तिथे वर्षानुवर्षं घर करून राहतात, आणि त्यांच्या वस्तीचे दाणे पुवातून बाहेर पडतात. तो दाणा हीच या रोगाची ओळख. तो दाणा दिसल्याशिवाय खात्री होत नाही, आणि तो कुठल्या जंतूचा हे कळल्याशिवाय औषध ठरत नाही. काही दाणे बुरशीचे असतात, बहुधा काळे, ते हट्टी, तिथे बऱ्याचदा कापावंच लागतं. काही दुसऱ्या जंतूंचे असतात, ते औषधाने जातात. माझा पाय राहणार की जाणार, ते त्या रव्याएवढ्या दाण्यावर होतं. आणि तो दाणा दोन वर्षं आमच्या मोरीतून वाहून जात होता.

"आज भरती व्हा," मॅडम म्हणाल्या. "मी पट्टी बांधते. उद्या सकाळपर्यंत ती सोडायची नाही. पाण्याचा थेंब लावायचा नाही. आजी, हे तुम्हाला सांगते आहे. धुवायचं नाही."

"पानी लावानं नही? मंग वास येई ना. तुम्ही हात कसा लावशात?"

"तो माझा प्रश्न. तुम्ही माझ्यासाठी एवढं करा."

 संध्याकाळी मी बघितलं, तर अक्का सवयीने तांब्या भरून घेऊन माझ्या खाटेपाशी उभ्या होत्या. मग त्यांनी तो तसाच खाली ठेवला आणि पदराने हात पुसले.

मांडी

सकाळी पट्टी ओली झाली होती. पिवळट डाग चादरीवर उतरला होता आणि वास येत होता. माझा स्वतःचा वास मला सहन होत नव्हता. मॅडम आल्या, त्यांच्याबरोबर शिकणारे सात-आठ डॉक्टर. एवढ्या सगळ्यांनी मिळून माझा घाणेरडा पाय बघायचा! मी भिंतीकडे तोंड केलं. अक्का तर उठून व्हरांड्यातच गेल्या. दाराशी त्यांचा पांढरा पदर तेवढा दिसत होता.

मॅडमनी स्टूल ओढलं, त्या बसल्या, हातमोजे घातले, आणि माझा पाय उचलून सरळ आपल्या मांडीवर घेतला. पांढऱ्या कोटावर. मी म्हटलं, "मॅडम, कोट खराब होईल." त्या म्हणाल्या, "हलू नका."

त्यांनी पट्टी अलगद सोडली, उलटी करून उजेडात धरली. सगळे वाकले. मीही उठून बसले, राहवलं नाही. मळक्या पट्टीवर रव्याचे चार दाणे सांडावेत तसं दिसत होतं. बारीक, फिकट पिवळे. दोन वर्षं चिरून, फोटो काढून, रक्त तपासून जे सापडलं नाही ते एका न धुतलेल्या पट्टीवर बसलं होतं.

"हे बघा," मॅडम विद्यार्थ्यांना म्हणाल्या. "नीट बघून घ्या, पुन्हा कधी दिसेल सांगता येत नाही." मग मला म्हणाल्या, "काळे नाहीत. हे चांगलं लक्षण आहे. अजून तपासायचंय, मी वचन देत नाही. पण चांगलं आहे."

मी दाराकडे बघितलं. पदर दिसत होता तिथे आता अक्कांचा चेहरा होता. त्या दाण्यांकडे बघत नव्हत्या. मॅडमच्या मांडीवर ठेवलेल्या माझ्या पायाकडे बघत होत्या.

दुपारी व्हरांड्यात अक्कांनी मला ते सांगितलं. सोळा वर्षं एका घरात राहून मला ते माहीत नव्हतं. हे, म्हणजे माझा नवरा, मांडीवरचं बाळ होते. अक्का केळीच्या बागेत मजुरीला. बाळ तापाने फणफणलं, म्हणून पाणी भरलेल्या बागेतून तशाच उठून त्या तालुक्याच्या गावी पळाल्या. दवाखान्यातल्या माणसाने दारातच अडवलं. पाय बघ तुझे, म्हणाला, बाहेर थांब. बरोबर आणखी काय म्हणाला ते अक्कांनी मला सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही. बाळाला कोणी हातात घेतलं नाही. लांबून बघून चिठ्ठी दिली.

"त्यासनी मन्हा पायकडे दखं," अक्का म्हणाल्या. "पोरकडे नही दखं."

बाळ बरं झालं. पण त्या दिवसापासून आमच्या घरातलं कोणी न धुता दवाखान्यात गेलं नाही. मी हसत होते तो नियम तिथून आला होता. मला अक्कांच्या त्या वेळच्या पायांची इतकी दया आली, आणि त्या माणसाचा इतका राग, की थोडा वेळ मी माझं दुखणंच विसरले.

मग अक्का रडायला लागल्या. "मीच धुई धुई लपाडं वं तुनं दुखणं. तुना पाय मीच गमाडत व्हतू."

मी काय समजूत घालणार? मला शिट्टी वाजवता येते, समजूत घालता येत नाही. मी त्यांना हाताला धरून मॅडमकडेच घेऊन गेले आणि सगळं सांगून टाकलं. मॅडमनी अक्कांना आपल्या समोरच्या खुर्चीत बसवलं.

"आजी, असा उघडा पाय दोन वर्षं राहिला तर वरून दुसरे जंतू शिरतात, पाय सडतो. सुनेचा पाय सडला नाही, तो तुमच्या धुण्याने. आणि तो वाचवायला माझ्यापर्यंत आणला कोणी? तुम्हीच ना?"

अक्कांनी ते ऐकून घेतलं, पण पटलेलं दिसलं नाही. त्यानंतर त्यांनी माझ्या पायाला हात लावला नाही. डबा आणायच्या, केस विंचरायच्या, औषधाची वेळ चुकू द्यायच्या नाहीत. पाय तेवढा सोडून.

शिट्टी

रिपोर्ट यायला वेळ लागला. जंतू वाढवून बघावे लागतात, ते सावकाश वाढतात, घाई करत नाहीत. त्या दिवसांत मी सगळ्यांशी भांडले: चहाशी, पंख्याशी, यांच्याशी फोनवर. शेवटी मॅडम आल्या आणि म्हणाल्या, "औषधाने जाणारा आहे. पाय राहील, बहुतेक." डॉक्टरांचं हे 'बहुतेक' आधी फार टोचायचं. त्या दिवशी ते मला पेढ्यासारखं लागलं. हे रावेरला माल भरत होते. त्यांना फोनवर सांगितलं. म्हणाले, "गाडीत केळी आहेत. वॉर्डात वाटू का?" आणि खरोखर घड घेऊन आले. शेजारच्या खाटांवरच्या बायांनी दोन दिवस केळी खाल्ली.

उपचार लांबलचक होता, हे आधीच सांगते, नाहीतर कोणी मधेच सोडून देईल. इंजेक्शनांचा एक फेरा, मग विश्रांती, मग पुन्हा फेरा. गोळ्या तर वर्षाच्या वर. मळमळ व्हायची, तोंडाला चव नसायची. इंजेक्शनाने कानावर परिणाम होऊ शकतो, म्हणून प्रत्येक फेऱ्याआधी कानाची तपासणी. एका बंद खोलीत बसवायचे, कानाला यंत्र लावायचे, आवाज आला की बटण दाबायचं. मी इतकी घाबरलेली, की आवाजाच्या आधीच बटण दाबायचे. तपासणाऱ्या ताई म्हणाल्या, "मॅडम, थांबा जरा." मी म्हटलं, "सॉरी, फाऊल झाला." कान गेले तर शिट्टी कशी ऐकू येणार, हीच भीती. कान शाबूत राहिले.

छोट्या छोट्या गोष्टींनी ते दिवस पार झाले. तेजूने शाळेतून येता येता मैदानावर थांबून फोन लावायचा आणि तो नुसता धरून ठेवायचा. मी खाटेवर डोळे मिटून ऐकायचे. मुलींच्या पायांचा आवाज, आणि मग "खो!" कोणी उशिरा उठलं की मला इथे कळायचं. मी फोनमधूनच ओरडायचे. वॉर्डातल्या सिस्टर दचकायच्या, मग त्याही विचारायला लागल्या, आज कोण जिंकलं म्हणून.

आणि एक. दुसऱ्या फेऱ्यानंतर एक तोंड बंद झालं, ते बंदच राहिलं. शेजारी दुसरं उठलं नाही. मी रोज आरसा धरून तळवा बघायचे. खो द्यायला आता तिथे कोणी उरलं नव्हतं.

घरी

जे या दुखण्यात आहेत त्यांना माझं एवढंच सांगणं. दुखत नाही म्हणून गाठ सोडू नका. जखमेतून जे येतं ते लाजून धुऊन टाकू नका, डॉक्टरला दाखवा. फोटो काढून ठेवा, आता तर सगळ्यांच्या हातात फोन आहे. काटा भरलेला आठवत असेल तर न विचारता सांगा. आणि भांडायचं असेल तर खुशाल भांडा, पण गोळी घेऊन भांडा. माझ्या संघातल्या मुली आता बूट घालून खेळतात. आधी फार कुरकुरल्या, पकड येत नाही म्हणाल्या. मी त्यांना मोजा काढून माझा तळवा दाखवला. त्यानंतर कोणी कुरकुरली नाही.

शेवटच्या फोटोत हाडांची भोकं भरत आलेली दिसली. मॅडमनी गोळ्या थांबवल्या. आम्ही उठलो, तेव्हा अक्का मागेच उभ्या राहिल्या.

"आते धुवू का मी?" त्यांनी विचारलं.

मॅडमना आधी कळलं नाही. मग कळलं. "धुवा आजी. आता खुशाल धुवा."

घरी आल्यावर कडुनिंबाचं पाणी, मऊ धडपं, समोर पाट. या वेळी मी पाय मागे घेतला नाही. अक्कांनी सगळ्या डागांवरून अंगठा फिरवला, सवयीने प्रत्येक डाग दाबून बघितला. "काहीच निंघत नही," म्हणाल्या, आणि पुन्हा एकदा धुतला.

हे सगळं इथेच संपवणार होते. पण मागच्या आठवड्यात एक झालं. अक्का अजून हट्टाने लोकांच्या मळ्यात भाजी तोडायला जातात. पाणी भरलेल्या वाफ्यात त्यांच्या टाचेत काहीतरी घुसलं. निरोप आला तशी मी स्कूटीवर गेले. दोन्ही पाय पोटरीपर्यंत चिखलाने माखलेले, साडी खोचलेली, टाचेतून रक्त. मी त्यांना बसवलं आणि स्कूटी घराकडे वळवली. इतक्या वर्षांची सवय. म्हटलं, आधी पाय धुऊ, कपडे बदलू, मग दवाखाना.

मागून त्यांनी माझ्या खांद्यावर थाप मारली.

"घर कसाले? सरय दवाखानामा चाल. डॉक्टरले दखू दे, काय शे ते."

गावातला दवाखाना नुकताच पुसलेला होता. पांढरी फरशी, अजून ओली. अक्का दारात क्षणभर थांबल्या. मग चप्पल काढून चिखलाच्या पायांनी सरळ आत गेल्या, फरशीवर एकेक पाऊल उमटवत. त्यांच्या मागून मीही आत गेले, माझ्या दोन्ही पायांनी.